मुलांच्या कोलेस्टेरॉलसाठी आहारसल्ला: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

वजन बरेच वाढलेल्या आमच्या 12 वर्षांच्या मुलाच्या रक्ततपासणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 124, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल, जे जास्त असलेले बरे) 36 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) 168 आल्यावर आम्ही मुलांसाठीच्या एका आहारसल्ला सेवेत नाव नोंदवले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वजनकाट्याआधी अहवाल हाती घेतला, ही गोष्ट मला फार आवडली. मुलांचे एलडीएल 110 च्या आत असावे आणि 130 पासून ते जास्त धरतात, म्हणजे याचे काठावर आहे. खरी तक्रार ट्रायग्लिसराइडची आहे, कारण या वयात ते 90 च्या आत हवे आणि लठ्ठपणात बहुधा तेच चढते, असे त्यांनी मुलालाही समजेल अशा शब्दांत सांगितले.

मग आहारांची तुलना झाली. संपृक्त मेद (तूप-लोण्यात असतो तसा) एकूण उष्मांकाच्या 7 टक्क्यांखाली आणणाऱ्या आहाराने एलडीएल उतरते, परंतु त्या मेदाची जागा मैद्याने आणि साखरेने घेतली, तर यकृत त्यातूनच ट्रायग्लिसराइड तयार करते आणि आमच्यासारख्यांचे दुखणे उलट वाढते. पूर्ण वनस्पतीजन्य आहार एलडीएलवर चांगला परिणाम करतो, मात्र वाढीच्या वयात बी-12 वेगळे द्यावे लागते आणि प्रथिनांचा हिशेब ठेवावा लागतो. पिष्टमय पदार्थ फारच कमी करण्याचा पर्याय त्यांनी दोन वाक्यांत बाजूला सारला. अखेर कडधान्ये, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर उभा असलेला भूमध्यसागरी आहार ठरला. त्यातही पहिला महिना फक्त गोड पेये आणि फळांचे रस बंद करण्यात गेला. मला ते फारच थोडे वाटले होते.

सहा महिन्यांनी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड 112 आणि एलडीएल 115 आले, एचडीएल जेमतेम 38 झाले. वजन जवळपास तेवढेच राहिले, पण उंची वाढली. वयात येताना एलडीएल आपोआपही काहीसे उतरते, तेव्हा त्या घसरणीचे सगळे श्रेय आहाराला देऊ नका, हे बाईंनी स्वतःहून सांगितले. सेवा विकणाऱ्याकडून असा प्रामाणिकपणा मी अपेक्षिला नव्हता.

त्यांचे ॲप मात्र मुलांसाठी घातक वाटले. रोजच्या खाण्याला गुण मिळत असल्याने मुलगा खाणे लपवू लागला आणि ते गुण बंद करून घ्यायला आम्हाला तीन आठवडे मागे लागावे लागले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: नोंदणीच्या अर्जात घराण्यातील हृदयविकाराविषयी एकही प्रश्न नाही. एलडीएल आनुवंशिक कारणाने फार वाढलेले असेल, तर नुसता आहार बहुधा पुरत नाही आणि अशा मुलाला आधी डॉक्टरांकडे पाठवायला हवे. आम्हाला तो प्रश्न आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारला, तोही नोंदणीनंतर दोन महिन्यांनी.