हिरा दहा, आमचं नऊ!

गेल्या महिन्यात विश्रामबागेतल्या एका प्रदर्शनात नव्या मोबाइलच्या काचेला, ओरखडे पडू नयेत म्हणून, 'नॅनो लिक्विड' लावून घेतलं. ७०० रुपये गेले. सांगली-मिरजेत कुणाला असा स्टॉल दिसलाच तर पाकिटात हात घालण्याआधी हे वाचा.

विकणारा पोरगा बोलायला गोड. चार थेंब टाकले, फडक्यानं पुसलं, दहा मिनिटं थांबवलं. मग काचेवर किल्ली, रुपयाचं नाणं, शेवटी चक्क खिळा कराकरा घासला. एक रेघ नाही! "काका, नाइन एच आहे. हिरा दहा, आमचं नऊ!" सौ. कोपरानं ढोसत होती, पण मला खिळा दिसत होता.

आठ दिवसांत काच रेघोट्यांनी भरली. घराचं बांधकाम चालू, खिशात वाळूची कच, त्यातच फोन. कार्डावरचा नंबर बंद.

शेजारी विज्ञानाचे निवृत्त सर राहतात. त्यांनी स्वतःचा जुना फोन काढला, त्याला काहीही लावलेलं नव्हतं. त्यावर किल्ली, नाणं, खिळा, सगळं घासलं. ओरखडा नाही! मग अंगणातली गारगोटी घेऊन टोक ओढलं. किर्रर्र, पांढरी रेघ. कोण कुणावर ओरखडा काढतो ते सांगणाऱ्या, कठीणपणाच्या मोहसच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, ही काच साधारण ६. पितळ, साधं लोखंड त्याहून मऊ. म्हणजे पोरानं दाखवलं ते लिक्विडचं नव्हे, मूळ काचेचंच काम. आणि हिऱ्याचा १० याच पट्टीवरचा असला, तरी 'नाइन एच' पेन्सिलीच्या शिशाच्या पट्टीवरचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नाही.

"पण काच मजबूत केलेली असते ना?" मी विचारलं. असते. सुमारे ४०० अंशांना वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, निघतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड आयन घुसतात. एसटीच्या बाकावर पोरं उठून पैलवान बसावेत तसे. पृष्ठभाग असा दाटला की चीर सहजी पसरत नाही, पडला तरी फोन बऱ्याचदा वाचतो. पण वाळूतल्या गारेचा कण ओरखडा काढायचा तो काढतोच.

कुणी खिळा घासून दाखवला तर त्याच्याच फोनवर, लिक्विड न लावता घासायला सांगा. नाहीतर काचपेपर द्या हातात.

वॉरंटी कार्ड आहे माझ्याकडे. खाली बारीक अक्षरांत 'ओरखडे वगळून' लिहिलंय. तेही घरी येऊन, चष्मा लावल्यावर दिसलं.