लंडन पास घ्यायचा की नाही? आमच्या घरचा हिशोब

लंडनला निघालेलं कोणीही भेटलं की पासचा विषय निघतोच, आणि मतं ऐकाल तर दोन टोकांची, एक जण सांगतो डोळे झाकून घ्या पैसा वसूल आहे, दुसरा सांगतो शुद्ध लूट, अजिबात घेऊ नका. मला विचाराल तर घ्यावा, पण एकाच दिवसाचा, आणि घरातल्या प्रत्येकासाठी तर मुळीच नाही. आम्ही पाच जण गेलो होतो, मी, नवरा, दहा वर्षांचा लेक आणि सासू-सासरे. पास फक्त आमच्या तिघांचा काढला, आई-बाबांचा काढला नाही, आणि तेच बरोबर ठरलं.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. एकदा पैसे भरायचे, फोनवर कोड येतो, यादीतल्या ठिकाणी गेटवर तो दाखवायचा आणि आत जायचं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस असे दिवसांवर दर आहेत. आम्ही घेतला तेव्हा मोठ्या माणसाचा एका दिवसाचा पास शंभर पौंडांच्या आसपास होता, म्हणजे पौंडाला ११५ रुपये धरले तर साडेअकरा हजार रुपये माणशी. दर आणि यादी दोन्ही बदलत राहतात, अधूनमधून सेल असतो, त्यामुळे माझ्या आकड्यांवर जाऊ नका, हिशोबाची पद्धत तेवढी घ्या.

आता मुद्द्याचं बोलते. लंडनमधली सगळ्यात मोठी, सगळ्यात बघण्यासारखी म्युझियम्स फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न, यातल्या कशाच्याही कायमच्या दालनांना तिकीट नाही, खास प्रदर्शन असेल तर त्याचे वेगळे पैसे, बस. आणि यातलं एकेक नीट बघायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो. म्हणजे तुम्ही पाच दिवस लंडनमध्ये असाल आणि पाच दिवसांचा पास घेतलात, तर ज्या दिवशी ब्रिटिश म्युझियममध्ये जाल त्या दिवसाचे पासचे पैसे वायाच की. किंवा मग पैसे वसूल करायचे म्हणून तुम्ही ब्रिटिश म्युझियमला जाणारच नाही, आणि हे तर जास्त वाईट. लांबून, एवढा खर्च करून गेलेला माणूस अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं न बघता कुठल्या तरी यादीतल्या चौथ्या-पाचव्या ठिकाणी धावतोय हे मला खरंच बघवत नाही.

म्हणून आम्ही घरी बसून साधा नियम केला. पास नसता तरी ज्या ठिकाणी खिशातून पैसे काढून नक्की गेलो असतो, तेवढीच ठिकाणं मोजायची. पासच्या साइटवर "इतके पौंड वाचतील" असं जे येतं ते भरपूर ठिकाणं बघाल असं धरून येतं, त्यातलं निम्मं आपण एरवी बघितलंही नसतं. उदाहरण देते, शार्ड या उंच इमारतीच्या ७२ व्या मजल्यावरून लंडन बघायचं तिकीट महाग आहे, यादीत ते धरलं की बचत एकदम फुगते. पण उंचावरून शहरच बघायचं असेल तर स्काय गार्डन फुकट आहे, आणि होरायझन २२ तर २२ बिशपगेट या इमारतीच्या ५८ व्या मजल्यावर आहे, तेही फुकट, फक्त आधी ऑनलाइन बुकिंग करायचं, स्लॉट पटकन भरतात एवढंच. आम्ही होरायझनला गेलो. मग शार्डचे पैसे माझ्या हिशोबात कशाला धरायचे?

असं गाळत गेलं की उरलं काय? टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला, टॉवर ब्रिज आतून, एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका, आणि ग्रिनिचची वेधशाळा. गंमत म्हणजे पहिली तिन्ही एकमेकांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत आणि ग्रिनिचला नदीतून बोटीनं जाता येतं, ती बोटही आमच्या पासमध्ये होती. टॉवरचं मोठ्यांचं तिकीट साधारण ३५ पौंड, ब्रिज पंधरा-सोळा, बेलफास्ट सव्वीस-सत्तावीस, वेधशाळा वीसच्या पुढे, वर बोट. चारही झाली तर पास वसूल होऊन थोडे पैसे वाचतात, तीनच झाली तर खिशाला खड्डा. एका दिवसाच्या पासचं सगळं गणित या चौथ्या ठिकाणावर आहे.

आणि चौथं ठिकाण घड्याळावर आहे. तिथली बहुतेक ठिकाणं संध्याकाळी लवकर बंद होतात, आपल्याकडं कसं संध्याकाळी खरी गर्दी सुरू होते तसं नाही, शेवटचा प्रवेश तर बंद व्हायच्या आधीच थांबवतात. पासचा दिवस हा तारखेचा दिवस, चोवीस तास नव्हेत. दुपारी चारला पहिल्यांदा कोड स्कॅन केला तर त्या दिवशीच रात्री एक दिवस संपला, दुसऱ्या दिवशी चारपर्यंत चालत नाही. म्हणून सकाळी दार उघडायला हजर राहायचं. टॉवर मंगळवार ते शनिवार ९ वाजता उघडतो, रविवार-सोमवार १० वाजता, त्यामुळे आम्ही मुद्दाम बुधवार धरला.

टॉवरमध्ये शिरल्या शिरल्या आधी राजघराण्याचे मुकुट ठेवलेत त्या ज्वेल हाऊसकडे जा, बाकी सगळं नंतर. नऊला आत गेलो तर आमच्या पुढं मोजकी माणसं होती, अकराला बाहेरून बघितलं तर रांग अंगणात वळसे घेत होती. आत मुकुटांच्या काचेच्या पेट्यांसमोर सरकते पट्टे आहेत, त्यावर उभं राहायचं आणि पट्टा तुम्हाला हळूहळू पुढं नेतो, थांबता येत नाही, फोटो काढायला बंदी. कोहिनूर आहे तो राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात, १९३७ च्या राज्याभिषेकासाठी केलेल्या. पट्टा सरकून गेला आणि आई म्हणाल्या "अगं, कुठला होता, मला नीट दिसलाच नाही," म्हणून मी त्यांना परत मागं नेलं, पुन्हा पट्ट्यावर उभं केलं, त्या वेळेला आधीच बोट दाखवून ठेवलं. गर्दी नव्हती म्हणून हे जमलं. त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग फक्त "हं, बघितला" एवढंच.

आता तुम्ही म्हणाल आई-बाबा पास नसताना आत कसे, तर त्यांची टॉवरची तिकिटं आम्ही वेगळी काढली. टॉवरला ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचा दर आहे, पासमध्ये मात्र ज्येष्ठांसाठी वेगळा दर नव्हता, मोठे आणि मुलं असे दोनच. म्हणजे वय झालेल्या माणसाला पास पूर्ण किमतीत आणि तिकीट सवलतीत, तिथंच निकाल लागतो. त्यात बेलफास्टवर खालीवर जायला उभ्या लोखंडी शिड्या आहेत, नऊ डेक आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तिथं नेण्यात अर्थ नाही. टॉवरमध्ये बीफीटर, म्हणजे तिथले पारंपरिक पहारेकरी, फुकट टूर देतात, तिकिटातच आलं ते, ती चुकवू नका, हे सगळे सैन्यात किमान २२ वर्षं नोकरी केलेले आणि कुटुंबासह टॉवरच्या आतच राहणारे, आवाज असा की शेवटच्या माणसाला ऐकू जातो. टूर झाल्यावर आई-बाबा डबा उघडून बाकावर निवांत बसले, आणि आम्ही तिघं ब्रिजकडं गेलो.

ब्रिजवर ४२ मीटर उंचीवर काचेची फरशी आहे, खालून बस जाताना दिसतात, लेक तिथं आडवाच झाला. पण मला विचाराल तर खरी मजा खाली इंजिन रूममध्ये आहे, १८९४ साली पूल सुरू झाला तेव्हा तो वाफेच्या ताकदीवर उचलायचे, ती यंत्रं अजून तशीच चकाचक ठेवलीत. खूप लोक वरचं बघून परत फिरतात, इंजिन रूम त्याच तिकिटात असते हे त्यांना माहीतच नसतं. बेलफास्टवर लेकाला ओढून बाहेर काढावं लागलं. मग बोट, मग वेधशाळा, तिथं शून्य रेखांशाच्या पट्टीवर दोन पाय दोन बाजूंना ठेवून फोटो. शेवटच्या प्रवेशाच्या वेळेआधी पोचलो खरे, पण टेकडी चढताना नवऱ्याची आणि माझी दमछाक झाली. दिवस मस्त गेला, पैसेही वसूल झाले. दुसऱ्या दिवशी परत हेच करायचं म्हटलं असतं तर मात्र आमच्यात भांडणं झाली असती, हे नक्की.

म्हणूनच तीन-चार दिवसांचे पास मला पटत नाहीत. दर दिवसाला स्वस्त पडतात हे खरं, पण रोज तेवढं फिरणं होत नाही. विंडसर कॅसल यादीत बघून लोक खूश होतात, पण तिथं जायला-यायला अर्धा दिवस मोडतो, आणि मंगळवार-बुधवार तो बंद असतो. रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स या चर्चमध्ये पर्यटक म्हणून जाताच येत नाही, प्रार्थनेला जाऊ शकता. पासचे दिवस सलग असतात, मधला एक पावसानं गेला किंवा मुलाला ताप आला तर तो गेलाच. ज्यांना संथ फिरायचंय पण चार-पाच महागडी ठिकाणं नक्की बघायचीत, त्यांच्यासाठी ठिकाणांच्या संख्येवरचा पास मिळतो, पहिल्या स्कॅननंतर तो ६० दिवस चालतो, म्हणजे नातेवाइकांकडं महिनाभर राहायला गेलेल्या आई-वडिलांसाठी तोच बरा. आणि तुमचं कोणी स्लाऊ-रेडिंगकडं राहत असेल, रेल्वेनं लंडनला येणं होणार असेल, तर रेल्वेच्या तिकिटावर काही ठिकाणी दोघांत एक तिकीट अशी ऑफर असते, ती आधी बघा. आमच्या जाऊबाईंनी हे सांगितलं, त्या तिथं इतकी वर्षं राहून अजून कुठल्याच पासच्या वाटेला गेलेल्या नाहीत.

दोन गोष्टी पासमध्ये येतात असं लोक धरून चालतात आणि त्या येत नाहीत. एक म्हणजे ट्यूब (तिथली मेट्रो) आणि बसचा प्रवास. त्यासाठी वेगळं काही घ्यायची गरजही नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करायचं, दिवसाला ठरावीक मर्यादेच्या वर पैसे कापले जात नाहीत, फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि दिवसभर तेच हवं. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब फुकट. दुसरं म्हणजे रांग. पास आहे म्हणून सिक्युरिटीची रांग चुकत नाही, आणि काही ठिकाणी पास असला तरी वेळ आधी बुक करावीच लागते, ते खरेदीच्या आधीच एकेका ठिकाणासमोर वाचून घ्या.

बाकीचे दिवस आम्ही फुकटात काढले, आणि आई-बाबांना तेच जास्त आवडले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं बघायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली, त्यामुळे जायच्या आधी सध्या ती कुठं आहेत ते बघा. म्युझियम तरीही बघाच. बाबांच्या यादीत वेगळीच ठिकाणं होती. वॉरविक ॲव्हेन्यू स्टेशनवरून चालत हाउली प्लेसला गेलो, तिथं १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहत होते अशी. आत जायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं, लोक राहतात तिथं. मग चॉक फार्मला १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना १९२१-२२ मध्ये राहिलेलं घर, महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली घेतलेलं, आता स्मारक आहे. बाबांनी तिथली प्रत्येक पाटी वाचली, एकही सोडली नाही. असली ठिकाणं कुठल्याच पासच्या यादीत नसतात, आणि पास घेतलेला माणूस "आज पैसे चाललेत" म्हणून तिकडं वळत नाही, माझा पासवर सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

आणि हे सगळं लंडनपुरतं, दुसऱ्या शहराला हाच हिशोब लावू नका. पॅरिसला जाणार असाल तर गोष्ट उलटी आहे, तिथं लूव्र, ओर्से, व्हर्साय सगळ्यांना तिकीट आहे आणि तिथला म्युझियम पास तासांवर चालतो, दोन दिवसांचा म्हणजे पहिल्या प्रवेशापासून ४८ तास, त्यामुळे दुपारी सुरू केला तरी नुकसान नाही. मोठ्यांना तो बऱ्याचदा फायद्यात पडतो. पण मुलांसाठी घेऊ नका, या तिन्ही ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, आयफेल टॉवर त्या पासमध्ये येत नाही, आणि लूव्रला पास असला तरी वेळ आधी बुक करा.