पिकअपच्या टपावर पाच दिवे : नाना पेठेचा माल, फुरसुंगीचं काम

आमची बोलेरो पिकअप, पांढरी, सिंगल कॅबिन, सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डला माल नेते, सीझनप्रमाणे अंजीर नाहीतर सीताफळ, आणि वाटेतला दिवे घाट उतरायचा तो अंधारातच. टपावर केशरी दिवे लावल्यापासून जो तो विचारतोय कुठं बसवले, किती लागले, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

दिवे नाना पेठेतून आणले, पाचाचा एलईडी सेट साडेसातशेला. 12 व्होल्टचे आणि 24 चे दिसायला सारखेच असतात, 24 चे मोठ्या ट्रकचे, तेव्हा घेताना मागचा शिक्का वाचा नाहीतर पिकअपवर मिणमिणतील किंवा पेटणारच नाहीत. पाचातला एक जरा पिवळट निघाला, बदलून मागितला तर म्हणे सेट फोडत नाही. लांबून कुणाला कळत नाही पण मला कळतो आणि डोक्यात जातो. दिव्यांना पाचपैकी साडेतीन स्टार.

पण दिवे काय कुणीही आणेल हो, टपाला भोक पाडून पावसात आत थेंब येऊ न देणारा माणूस मिळायला पाहिजे. आधीच्या गाडीला एका ठिकाणी बसवले होते, वायर दाराच्या रबराखाली दाबून आत घेतलेली, जोड नुसता पिळून टेप मारलेला, पहिल्याच पावसात गिअरच्या दांड्यावर टपटप सुरू आणि पार्किंगचा फ्यूज सारखा उडायचा. म्हणून यावेळी फुरसुंगीत सासवड रोडला एक वायरमन काका आहेत त्यांच्याकडं गेलो.

काकांनी टपाचं आतलं लायनिंग फक्त पुढून उतरवलं, आत पत्र्याची पट्टी कुठं येते ते हातानं चाचपलं, मग टपावर कागदी टेप चिकटवून दोरीनं मध्य काढला. मला मधे तीन आणि कोपऱ्यात एकेक असं अमेरिकन ट्रकसारखं पाहिजे होतं. तिकडं 80 इंच किंवा त्याहून रुंद गाडीला हे कंपल्सरी असतं आणि मधल्या तिघांत 6 ते 12 इंच अंतर लागतं, आपली पिकअप काय तेवढी रुंद नाही, पण मी आपलं 8 इंच सांगितलं. सेंटर पंच, बारीक भोक, मग मोठं, आणि पडलेला लोखंडाचा कीस चुंबकानं कणन्‌कण उचलला, कारण तो राहिला की पांढऱ्या रंगावर तांबडे डाग पडतात. भोकाच्या कडेला गंज न धरण्यासाठी रेड ऑक्साईड लावून वाळू दिलं, मग वायर पत्र्यावर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, दिव्याखाली सिलिकॉन. ते सुकल्यावर वरून बादलीभर पाणी ओतलं आणि आत टॉर्च मारून दाखवलं, सगळं कोरडं.

वायर ड्रायव्हर साईडच्या खांबातून खाली, नळीत घालून. पार्किंगच्या वायरला जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवली, मधे 3 अँपिअरचा जांभळा फ्यूज, अर्थिंग रंग खरवडून बोल्टला. मी रिले पण नेला होता, म्हणजे जास्त करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारी डबी, दुकानदारानं गळ्यात मारलेली. काका म्हणाले "परत कर तो, पाच एलईडी मिळून अर्धा अँपिअर ओढत नाहीत, याला कशाला रिले?" जुने 5 वॅटचे बल्ब असते तर पाचाचे 25 वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या वर, तेव्हा स्विचवर लोड नको म्हणून रिले बरा. स्वतःचा धंदा बाजूला ठेवून असं सांगणारा माणूस मला तरी आवडला. मी होतो तेव्हाच एक पोरगं लाल-निळा फ्लॅशर घेऊन आलं, त्याला पण हाकललं, पुढून लाल दिवा नियमात बसत नाही म्हणून.

आता तक्रारी. दुपारी देतो म्हणजे दिवेलागणीला. मधेच एका जेसीबीचा सेल्फ (स्टार्टर) बघायला निघून गेले, माझं लायनिंग तसंच लोंबकळत. फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर नुसतं हसतात. मजुरी 1500, सिलिकॉन-टेप त्यातच, घासाघीस चालत नाही, केली तर सरळ पुढच्या गाडीकडं वळतात.

घाटात समोरचा आता लांबूनच डिपर मारून साईड देतो, तेवढ्यासाठी पैसे वसूल. फक्त लायनिंगची एक क्लिप तुटली ती काकांनी सांगितलीच नाही, घरी येताना खडखडायला लागली तेव्हा कळलं. क्लिप किरकोळ आहे पण पुढच्या खेपेला फुकट बसवून घेणार.