टेल्कोचे दहा शेअर, नऊ महिने आणि एक ॲप

आमच्या घरात टाटा मोटर्सला कुणी टाटा मोटर्स म्हणत नाही. २००३ साली कंपनीने नाव बदललं, पण पिंपरीत ती टेल्कोच राहिली. अण्णांनी तिथे ३१ वर्षं काढली. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिला शेअर कुठला घ्यायचा यावर मला फार डोकं चालवावं लागलं नाही. अण्णांना मात्र सांगितलं नाही. १९९२ साली आमच्या वसाहतीतल्या एका गृहस्थांचे बरेच पैसे हर्षद मेहता प्रकरणात बुडाले होते. तेव्हापासून आमच्याकडे ‘शेअर’ हा शब्द ‘मटका’ या शब्दाच्या आसपासच उच्चारला जातो.

ॲपचं नाव लिहीत नाही. स्वस्त दलालीची जी ॲप आहेत त्यांतलंच एक. शेअर घेऊन ठेवायचा असेल तर दलाली शून्य, ही त्याची जाहिरात, आणि ती खोटी नाही.

खातं उघडायला पंधरा मिनिटं लागतात असं सांगतात. मला सहा दिवस लागले. पॅन, डिजिलॉकरमधून आधार, कोऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो, कॅमेऱ्यासमोर मान हलवणं, सगळं झालं आणि अर्ज परत आला, कारण बँकेत माझं आडनाव आधी आहे आणि पॅनवर शेवटी. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून आडनाव पुढे-मागे होत असतं, त्यामुळे हा घोळ अनेकांचा होणार. बँकेत जाऊन नाव सरळ करून घ्या आणि मगच अर्ज भरा. वारसाचं नाव तिथेच टाकून घ्या, नंतर कंटाळा येतो.

खरेदी अगदीच सोपी. नको इतकी. रात्री जेवण झाल्यावर ऑर्डर टाकायला बसलो तर पडद्यावर आधीपासून ‘इंट्राडे’ निवडलेलं होतं. मी ते पाहिलंच नाही. बायको शेजारी होती, ती म्हणाली, “अहो, हे आजच्या आज विकायचं असं लिहिलंय ना?” ते बदलून ‘डिलिव्हरी’, म्हणजे घेऊन ठेवायचे, असं करायचं राहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या आत ॲपनेच माझे शेअर विकून टाकले असते. नवख्या माणसापुढे आधी इंट्राडे ठेवण्यामागे काय हेतू असेल तो असो. इंट्राडेला दलाली लागते, एवढं मला नंतर कळलं.

₹७१८ ची मर्यादा घालून दहा शेअर मागितले होते. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि कंपनीच्या बसमध्ये असतानाच मेसेज आला. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, आली. दलाली शून्य असली तरी ₹७,१८० वर ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) म्हणजे ₹७, स्टँप ड्युटी रुपयाभर, बाकी एक्स्चेंज आणि जीएसटीचे पैसे. सगळे मिळून सव्वाआठ रुपयांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे एका दिवसात व्यवहार पुरा होतो. जूनमध्ये शेअरमागे ₹६ लाभांश मिळाला, खात्यात साठ रुपये जमा झाले. साठ रुपयांचा इतका आनंद मला दहावीनंतर झाला नव्हता.

या टप्प्यापर्यंत मी हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

जुलैमध्ये एका शुक्रवारी ॲपमधले माझे तीन हजार रुपये गायब. ॲपच्या मदतकेंद्राला फोन लावला, तिथे नुसतं संगीत. शेवटी बँकेचं पासबुक पाहिलं, पैसे तिथे परत आले होते. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियमच आहे तसा. ग्राहकाचे न वापरलेले पैसे ब्रोकरने ठरावीक मुदतीने परत करायचे. नियम उत्तम आहे, पण आदल्या दिवशी एक ओळीचा मेसेज टाकायला काय जातं?

मग विक्री. विकायची सवय व्हावी म्हणून मी ₹९२ चे दुसऱ्या एका कंपनीचे दोन शेअर घेतले होते, ते ९८ झाल्यावर विकायला काढले. आधी सीडीएसएलचा, म्हणजे आपले शेअर जिच्याकडे जमा असतात त्या डिपॉझिटरीचा, टीपिन मागितला. विक्रीला मंजुरी द्यायचा हा पिन. तो मेलवर येतो, मेल जंकमध्ये गेलेली. तो सापडला, मग ओटीपी. तो उशिरा आला, तोवर पान बंद. पुन्हा पहिल्यापासून. आपले शेअर आपल्या संमतीशिवाय डीमॅटबाहेर जाऊ नयेत म्हणून हे कुलूप आहे, आणि ते हवंच. रोज टीपिन नको असेल तर डीडीपीआय नावाचं अधिकारपत्र एकदा सही करून देता येतं. मी दिलेलं नाही. ॲपचं मराठी मात्र अशा वेळी फार छळतं. ‘विक्री प्राधिकृत करा’ या बटणाचा अर्थ लावण्यात माझी पाच मिनिटं गेली. शेवटी भाषा इंग्रजी केली.

दोन शेअर विकून बारा रुपये फायदा झाला. आणि डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचे ₹१५.३४ कापले गेले. दोन विका नाहीतर दोनशे, एका कंपनीचे एका दिवसाचे तेवढेच. ही रक्कम विक्रीच्या पानावर दिसत नाही, खातेउताऱ्यात दिसते. गंमत पुढेच आहे. आमच्या सीएंनी सांगितलं की हा अल्पकालीन भांडवली नफा, आता तुमचं प्राप्तिकराच्या साध्या ‘सहज’ फॉर्मवर भागायचं नाही, आयटीआर-२ भरा. बारा रुपयांसाठी!

खरा घोटाळा ऑक्टोबरात. टाटा मोटर्सने ट्रक-बसचा आणि मोटारींचा धंदा वेगळा केला. १४ ऑक्टोबर ही रेकॉर्ड डेट, म्हणजे त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर. हे मला पेपरात वाचून ठाऊक होतं. तरी त्या सकाळी, सव्वादहाच्या सुमारास ॲप उघडलं आणि पोटात गोळा आला. आदल्या दिवशी ₹६६० ला असलेला शेअर ₹४०० ला. माझ्या नावापुढे ठळक लाल अक्षरांत उणे ४४ टक्के. ॲपच्या दृष्टीने मी ७१८ चा माल ४०० ला धरून बसलो होतो. दुसऱ्या अर्ध्या धंद्याचे शेअर मला मिळणार आहेत याचा तिथे कुठेही उल्लेख नाही. उलट खाली ‘आणखी घ्या’ असं बटण.

आमच्या कारखान्यातला एक पोरगा, पंचविशीतला, त्याने घाबरून त्याच दिवशी विकले. त्याला कोण काय सांगणार? रेकॉर्ड डेटला शेअर त्याच्याच नावावर होते, त्यामुळे जे राहिलं होतं ते त्याला वेगळं मिळणारच होतं, पण तो नुकसान समजून महिनाभर तोंड पाडून फिरला. नोव्हेंबरमध्ये १२ तारखेला ट्रकवाल्या नव्या कंपनीची बाजारात नोंदणी झाली तेव्हा त्याला मीच दाखवलं की बाबा, हे बघ, तुझ्याही खात्यात पडलेत.

आणि तेव्हा माझ्या ॲपमध्ये काय? नव्या शेअरची खरेदी किंमत शून्य. म्हणजे एकीकडे मी बुडालेला, दुसरीकडे फुकटात कमावलेला, एकाच ₹७,१८० मधून! मूळ किंमत दोन कंपन्यांत कशी विभागायची याचं प्रमाण कंपनीने कळवलं होतं, ते ॲपमध्ये यायला बरेच दिवस गेले. या काळात मला विश्वासाचं एकच पान सापडलं, ते म्हणजे डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट. त्यात किती शेअर कुणाच्या नावावर आहेत ते सरळ लिहिलेलं असतं. लाल नाही, हिरवं नाही. आता मी महिन्यातून एकदा तेच पाहतो.

एफ अँड ओचं, म्हणजे फ्युचर्स अँड ऑप्शन्स या वायद्याच्या व्यवहारांचं, सांगायचं राहिलं. ॲप उघडलं की इशारा येतो, वायद्यात दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. ‘समजलं’ दाबलं की पुढच्याच पानावर एफ अँड ओ सुरू करण्याचं आमंत्रण. सिगारेटच्या पाकिटावरचा फोटो आणि आतली सिगारेट, तसं. सुरू करायला उत्पन्नाचा दाखला मागतात, तो मी देत नाही, त्यामुळे ते दार बंद आहे. नोटिफिकेशनही सगळी बंद केलीत, फक्त व्यवहाराची चालू.

तर आता हिशेब: खरेदीला पाच, मदतकेंद्राला एक, कंपन्यांच्या विभाजन-बोनसच्या नोंदींना शून्य. तरीही खातं बदललेलं नाही, कारण पुन्हा बँकेतलं आडनाव तपासत बसायची ताकद नाही.

अण्णांना दिवाळीत सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते गप्प राहिले, मग चष्मा पुसत म्हणाले, “किती घेतलेस?” आता रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी विचारतात, “टेल्को कितीला?” मी म्हणतो, “अण्णा, आता दोन झाल्यात. कुठली?”

“ट्रकवाली. मोटारींशी माझं काय देणंघेणं?”