२४ अंड्यांचं छोटं इन्क्युबेटर सिल्कीसाठी घ्यावं का? वापरून सांगतो

ऑनलाईन साडेचार हजाराच्या आसपास मिळतं ते पिवळ्या तळाचं, पारदर्शक झाकणाचं, अंडी उबवायचं २४ अंड्यांचं ऑटोमॅटिक मशीन. चायनाचं आहे, दहा नावानं विकतात, आत माल सारखाच. मी आर्वी तालुक्यातला, सिल्की जातीच्या कोंबड्या हौसेखातर पाळतो, धंदा नाही, त्यामुळं खाली जे लिहून राहिलो ते सिल्कीच्याच हिशोबानं आहे, गावरान नाहीतर कडकनाथवाल्यांनी आपल्या कामाचं तेवढं घ्यावं. ५ पैकी साडेतीन स्टार.

मशीन घरी आलं तेव्हा आई म्हणे, "कोंबडी फुकटात बसून राहिली न, मंग मशीनले पैसे कायले लावून राहिला?" प्रश्न बरोबर आहे. सिल्कीइतकी खुडूक होणारी, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसणारी जात सापडणं कठीण, अंडं नसलं तरी रिकाम्या घमेल्यात ठाण मांडते, आमच्या गल्लीतले लोकं तर आपल्या गावरानची अंडी ठेवायला सिल्की मागून नेतात. पण हिशोब पहा, तिच्या अंगाखाली आठ-दहा अंड्यांच्या वर नीट झाकली जात नाहीत, आणि एकदा बसली की तीन आठवडे उबवणी, वरून पिल्लं वागवायचे दिवस, तेवढ्यात एक अंडं नाही. अन पक्षी कुठं दाखवायला न्यायचा असला तर वांधाच, खुडूक कोंबडी खाणं सोडते, छातीची पिसं उपटते, तुरा चपटा होतो, पुढं कितीतरी दिवस तिचा फोटो काढावासा वाटत नाही. मशीनचा फायदा इथं आहे. चांगली कोंबडी अंड्यावर चालू ठेवता येते आणि भरपूर पिल्लं एकाच दिवशी निघतात. एका वयाची पिल्लं शेजारी-शेजारी असली तरच पारख होते न भाऊ, पंधरा दिवसांच्या फरकाची पिल्लं पाहून कोणतं चांगलं ते कसं ठरवणार?

आता खोडी. ट्रे नेहमीच्या अंड्याच्या मापाचा आहे, सिल्कीचं अंडं लहान, त्या खान्यात खुळखुळतं. जाळी सरकते पण अंडं अर्धंच फिरतं, एखादं तर उभंच राहून जातं. मी खान्यात जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून घातल्या आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे झाकण न उघडता दिसतं कोण फिरलं अन कोण नाही. कंपनीला एवढं अॅडजस्ट होणारं खानं द्यायला काय जात होतं काय माहीत.

स्क्रीनवर भरोसा ठेवू नका. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.७ डिग्री पाहिजे, माझा स्क्रीन जवळपास अर्धा डिग्री जास्त सांगतो. तपासायला महागडं काही लागत नाही, घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच आकड्यांसाठी बनलेला असतो, तो आत ठेवा आणि ताळा करा. फरक दुरुस्त करायची सेटिंग आहे, सेटचं बटन दाबून धरलं की सापडते, माहितीपत्रकात धड लिहिलेलं नाही. तापमान कमी राहिलं की पिल्लं २१ च्या ऐवजी २२-२३ व्या दिवशी अन तीही मरगळलेली, जास्त झालं की लवकर निघतात, बेंबी ओलीच. ओलावा पहिले १८ दिवस ४५-५० टक्के, मग फिरवणं बंद आणि ६५-७०. दिवाळीनंतर आपल्याकडली हवा इतकी कोरडी होते की तळाच्या दोन्ही नाल्या भराव्या लागतात, पावसाळ्यात एकच पुरते. पाणी बाहेरून भरता येतं, ही गोष्ट मात्र मस्त केली.

लाईन जाण्याचं तर विचारूच नका राजेहो. गावठाणाच्या फिडरवर आता पहिल्यासारखं नाही, तरी वारा सुटला की गेली. मशीनला मागं १२ व्होल्टची पिन आहे, त्यासाठीच मी हे घेतलं. ट्रॅक्टरची जुनी पण बरी बॅटरी लावून ठेवा, रात्र निघून जाते, कारण हीटर सतत चालू नसतो. बॅटरी नसली तर वरून घोंगडं टाका, झाकण उघडू नका, फक्त बाजूच्या हवेच्या भोकांवर येऊ देऊ नका.

उन्हाळ्यात हे मशीन बिनकामाचं. यात तापवायची सोय आहे, थंड करायची नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात घरातच ४२ होऊन राहते, म्हणजे मशीन बंद ठेवलं तरी आतली पिल्लं शिजतात. कूलरच्या खोलीत ठेवलं तर तापमान उतरतं पण ओलावा भलताच चढतो. तसंही उन्हात कोंबडा ढिला पडतो, अंडी फळत नाहीत. होळी झाली की माझं मशीन धुवून माळ्यावर, ते मृग लागल्यावरच उतरतं.

फळण्यावरून आठवलं, सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिल्यावर बरीच अंडी कोरी, म्हणजे आत पिल्लू न धरलेली दिसली तर लगेच मशीनला शिव्या घालू नका. सिल्कीच्या मागं कापसाच्या बोंडासारखा गुच्छ असतो, तिथली पिसं नर-मादी दोघांचीही कात्रीनं कमी केली की फळायचं प्रमाण सुधारतं. कुरिअरनं मागवलेली अंडी टोकाकडची बाजू खाली करून एक दिवस राहू द्या, मगच मशीनमध्ये लावा.

पिल्लं निघायचा दिवस म्हणजे आमच्या घरी पोट्ट्यांची जत्रा. सुकलेलं पिल्लू तळहातावर घ्यायचं अन आधी बोटं मोजायची, पाच पाहिजेत, पाचवं बोट वेगळं आणि वरच्या दिशेला. आपल्याकडं सिल्की म्हणून विकलेल्या जोडीतून चार बोटांचं पिल्लू हमखास निघतं, म्हणजे मागं कुठंतरी गावरान मिसळली. कातडी काळी पाहिजे, पुढं मोठं झाल्यावर तुरा अक्रोडासारखा आणि जांभळट, लालभडक नाही, कानाची पाळी निळसर. अमेरिकेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे कोणत्या जातीचा पक्षी कसा असावा ते सांगणाऱ्या पुस्तकात, ही जात १८७४ पासून आहे, तिथं यातलं एक चुकलं तरी पक्षी मागं पडतो. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात इतकं काटेकोर कोणी पाहत नाही, तिथं पांढरा शुभ्र धुतलेला पक्षी दिसला की गर्दी जमते, पण स्वतःच्या कळपासाठी निवडताना आपणच परीक्षक.

तळाची प्लास्टिकची जाळी गुळगुळीत आहे, पिल्लांचे पाय फाकतात. १८ व्या दिवशी ट्रे काढला की खाली खरखरीत कापड अंथरा. अन सिल्कीच्या पिल्लाच्या डोक्यावर टेंगूळ असतं ना, तिथं कवटी कच्ची, गावरान पिल्लांमध्ये सोडली तर टोचून मारतात. मी तर सुकलेली पिल्लं रात्री अंधारात खुडूक बसलेल्या म्हाताऱ्या सिल्कीखाली सरकवतो, सकाळी ती त्यांना घेऊन कुटारात उकरायला शिकवून राहिलेली दिसते, बल्बचा खर्च वाचला. आईचं म्हणणंही राहिलं.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे ट्रे सरकवणारी मोटर. माझी पहिल्याच हंगामात करकर करून बसली. वॉरंटी होती, पण विकणारा आज व्हिडिओ पाठवा, उद्या बिल पाठवा करत राहिला तोवर अंडी थांबतात का? शेवटी नागपूरहून तशीच मोटर आणली, दोन स्क्रू अन दोन वायर, घरीच बसवली. मधले दिवस ट्रे हातानं सरकवला, दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषमच, म्हणजे रात्रभर एकाच कुशीवर राहायची पाळी रोज बदलते. मशीन मागवतानाच एक जास्तीची मोटर सोबत मागवून घ्या, हंगामात शोधत फिरू नका.