धूर दिसत नाही म्हणजे बर्नर सेट झाला, असं कुणी म्हटलं तर थांबा

राबाळे एमआयडीसीत आमची छोटी लाँड्री आहे. ठाणे-ऐरोलीतल्या नर्सिंग होमच्या चादरी आणि गाऊन आमच्याकडे धुवायला येतात. वाफेसाठी तासाला 300 किलोचा, डिझेलवर चालणारा बॉयलर आहे. गणपतीत तो पाच दिवस बंद होता. सहाव्या दिवशी सकाळी बर्नर पेटेना. पंखा फिरायचा, ठिणगीचा चरचर आवाज यायचा, ज्योत क्षणभर धरायची आणि लाल दिवा लागून सगळं बंद. बाहेर मळक्या चादरींचे गठ्ठे साचत चालले होते. त्या घाईचाच फायदा घेतला गेला, म्हणून सविस्तर लिहितेय.

बॉयलर चालवणारे आमचे मामा तेव्हाच म्हणाले होते, "वहिनी, पंपाला काय झालं नाय. लाइन कुठंतरी हवा घेतीय." मी शेजारच्या गाळ्यातून मिळालेल्या नंबरवर फोन लावला.

तो माणूस तासाभरात आला. आल्या आल्या त्याने रिसेटचं बटण सहा-सात वेळा दाबलं. शेवटच्या वेळी भट्टीत दाणकन आवाज झाला आणि दार हादरलं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेलं डिझेल आत साचतं आणि पुढच्या ठिणगीला ते एकदम पेट घेतं. हे मामांना माहीत होतं, ते मागे सरकले. मी तिथेच उभी होते. त्या क्षणी त्याला बाहेर काढायला हवं होतं.

त्याने पंप "गेला" म्हणून सांगितलं. नवा इम्पोर्टेड पंप 28,500, नोझल (डिझेल फवारणारं टोक) आणि इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणारे) 4,800, सेटिंगचे 6,000. एकूण 39,300 रुपये, एका खासगी नंबरवर. बिलावर जीएसटी क्रमांक नाही. जुना पंप "कंपनीत दाखवायला लागतो" म्हणून तो घेऊन गेला. बर्नर मात्र पेटला. चिमणीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा मॅडम, धुराचा टिपूस नाही." आणि गॅस ॲनालायझरची, म्हणजे चिमणीतला धूर तपासणाऱ्या मशीनची, छापील चिठ्ठी हातात ठेवली: ऑक्सिजन 3.8 टक्के, एफिशियन्सी 91. मशीन "गाडीत" होतं. मी ते पाहिलंच नाही.

आठवड्याभरात रोज सकाळी पुन्हा तोच लाल दिवा लागू लागला. तो एकदा येऊन 1,500 घेऊन गेला, नंतर फोन उचलेना. त्यातच मामांच्या वहीत दिसलं की दिवसाला 180 लिटर लागणारं डिझेल 200 वर गेलंय. काम तेवढंच, चादरी तेवढ्याच.

मग भावाच्या ओळखीने तुर्भ्याहून एक वयस्कर तंत्रज्ञ आले. त्यांनी सक्शनला, म्हणजे पंपाकडे डिझेल ओढणाऱ्या लाइनला, पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि मला जवळ बोलावलं. डिझेलमधून बारीक बुडबुड्यांची माळ सरकत होती. गणपतीआधी आम्ही फिल्टर साफ केला, तेव्हा त्याच्या वाटीची रबरी रिंग दुमडून बसली होती. रात्रभर तिथून हवा आत जायची. नवी रिंग तीस रुपयांची.

"नव्या" पंपावर त्यांनी टॉर्च धरला. ताज्या रंगाखाली स्क्रूंच्या खाचा झिजून गोल झाल्या होत्या. नोझल तर आमचंच जुनं होतं, टोकावर काजळीसकट. मग आमच्यासमोर चिमणीत त्यांच्या ॲनालायझरचा प्रोब (धूर ओढणारी नळी) घातला: ऑक्सिजन 11 टक्के, धुराचं तापमान 270 अंश. म्हणजे जळायला लागते त्याच्या दुपटीहून जास्त हवा आत जात होती आणि तापून चिमणीवाटे बाहेर पडत होती. त्या पहिल्या माणसाने डॅम्पर, म्हणजे बर्नरला हवा देणारी झडप, सताड उघडून ठेवला होता. हवा कमी असली तर काळा धूर दिसतो, पण जास्त असली तर बहुधा काहीच दिसत नाही, फक्त डिझेल जातं. नवं नोझल बसवून, पंपाचं प्रेशर तपासून त्यांनी डॅम्पर थोडा थोडा मिटत आणला. दर वेळी ऑक्सिजन आणि फिल्टर कागदावर धूर ओढून पडणारा काजळीचा डाग, दोन्ही बघत होते. 4 टक्क्यांवर थांबले. तापमान 215 वर आलं, डाग जेमतेम दिसेल इतकाच.

मी ती पहिली चिठ्ठी काढून त्यांना दाखवली. त्यांनी दोन ओळींवर नख टेकवलं. इंधन: नॅचरल गॅस. बाहेरच्या हवेचं तापमान: 19 अंश. सप्टेंबरात, राबाळ्यात, बॉयलर रूममध्ये! चिठ्ठी भलत्याच बॉयलरची होती, कुठल्या तरी थंड दिवसाची.

तुमच्याकडे कुणी बर्नर सेट करायला आला, तर प्रोब चिमणीत जाताना तुम्ही तिथे उभे राहा आणि चिठ्ठीवरचं इंधन, तारीख, वेळ, तापमान तिथल्या तिथे वाचा. काढलेला पार्ट गाळ्याबाहेर जाऊ देऊ नका, तो बिघडलेला असला तरी तुमचा आहे. नोझलवर माप आणि फवाऱ्याच्या कोनाचे अंश कोरलेले असतात, बसवण्याआधी त्याचा फोटो काढा. आणि बॉयलरजवळ रोज दहा तास उभा राहणारा माणूस काय म्हणतोय, ते आधी ऐका. मामांची मी माफी मागितली.

आमचा चांगला पंप अजून त्याच माणसाकडे आहे, किंवा एव्हाना विकलाही असेल. मामांनी त्याच्या झाकणावर खिळ्याने 2019 असं ओरखडून ठेवलं होतं, नऊचं शेपूट थोडं लांब आहे. महापे, पावणे, वागळे इस्टेट, कुठेही कुणी "नवा" पंप आणून दिला तर झाकणावरचा रंग जरा खरवडून बघा.