फेम्टो लॅसिक: डॉक्टर एक नंबर, काउन्सेलर डोक्याला ताप

चष्म्याचा नंबर घालवायला मी फेम्टो लॅसिक, म्हणजे डोळ्याचं लेझर ऑपरेशन केलं, ते कसं झालं हे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच लिहिते. क्लिनिक पुण्यातलं, नाव टाकत नाही. काउन्सेलरने ब्लेडवालं, फेम्टो आणि स्माइल अशी तीन पॅकेजं पुढ्यात टाकली आणि फरक काय विचारलं तर "मॅडम हे लेटेस्ट आहे", बास एवढंच!

शेवटी डॉक्टरांनीच कागदावर चित्र काढून सांगितलं. लॅसिकमध्ये आधी कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ फ्लॅप (पापुद्रा) उचलतात, साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग खाली एक्सायमर नावाच्या दुसऱ्या लेझरने कॉर्नियाला आकार देऊन नंबर काढतात आणि फ्लॅप परत बसवतात. हा फ्लॅप पूर्वी ब्लेडने कापायचे, फेम्टोत लेझरनेच होतो. लेझरची एक पल्स, म्हणजे एक झटका, जेमतेम काहीशे फेम्टोसेकंदांची, आणि फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग, त्यामुळे उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही, आत नुसते बारीक बुडबुडे एकाशेजारी एक उठतात आणि पापुद्रा सुटतो. इतक्या छोट्या पल्समध्ये एवढा जोर आणायची युक्ती डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू या शास्त्रज्ञांची, १९८५ची, त्यालाच २०१८ला नोबेल मिळालं. आणि डोळ्याचं कसं सुचलं, तर मुरूंच्या मिशिगनच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून बीम गेला आणि तपासणाऱ्या डॉक्टरला आतली जखम भलतीच रेखीव दिसली. बिचारा!

प्रत्यक्षात दुखत नाही, ड्रॉप्सने डोळा बधिर करतात. पण डोळा हलू नये म्हणून सक्शन रिंग (हवा खेचून डोळ्याला घट्ट चिकटणारी कडी) लावली की डोळा जाम दाबला जातो आणि थोडा वेळ समोरचं सगळं काळं होतं, हे आधी कुणी सांगत नाही म्हणून टरकायला होतं. नंतर एक्सायमर सुरू झाला की केस जळल्यासारखा वास येतो, तो लेझरचाच, घाबरू नका. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आग आणि पाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसलं.

तोटे पण सांगते. एसीत डोळे कोरडे पडतात, ड्रॉप्स पर्समध्ये ठेवावेच लागतात, आणि रात्री हायवेवर समोरच्या लाइटभोवती कडी दिसतात, माझी कमी झाली पण पूर्ण गेली नाहीत. चाळिशीचा चष्मा काही चुकत नाही. कॉर्निया पातळ असेल तर डॉक्टर नाही म्हणतील, तेव्हा दुसरीकडे हो म्हणणारा शोधत फिरू नका.

ब्लेडपेक्षा जास्त पैसे द्यावे का, तर माझ्या मते हो. स्माइलमध्ये फ्लॅपच नसतो, त्यामुळे कबड्डी-बॉक्सिंगवाल्यांनी ते जरूर विचारावं, माझ्यासारख्या ऑफिसवालीला फेम्टो पुरलं. पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने जा, तसंही येताना गाडी चालवता येत नाही.